पिकपचा कॅमशाफ्ट घेण्याआधी इंजिनाचं कूळ विचारा



आंबा संपला, खोकी माळ्यावर गेली, लावणी उरकली की आपल्याकडे पिकपची इंजिनं उघडायचे दिवस येतात. आणि याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो : "गाडी जुनी आहे, कॅम गेलाय म्हणतो मेस्त्री. स्वस्तातला कुठला टाकू?"

एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण रत्नागिरी जिल्ह्यात धावणाऱ्या जुन्या पिकपांच्या बॉनेटखाली एकच इंजिन नाही. तीन-चार वेगवेगळ्या घराण्यांची इंजिनं आहेत, आणि बाहेरून गाड्या मात्र बहिणी-बहिणीसारख्या दिसतात. हापूसचं कलम घेताना आपण मातृवृक्ष कुठला ते विचारतो. नुसतं पान बघून कोणी कलम घेत नाही. कॅमशाफ्टचंही तसंच आहे. म्हणून आजची नोंद इतिहासाची, पण खिशाला उपयोगी पडणाऱ्या इतिहासाची.

आधी कॅम म्हणजे काय, थोडक्यात

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. या उंचवट्याला गॅरेजात लोब म्हणतात. लोब वर आला की टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला ढकलतो आणि वाल्व उघडतो. चार सिलिंडरला आठ वाल्व, म्हणून आठ लोब. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो.

ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. अल-जझारी नावाच्या कारागिराने १२०६ साली लिहिलेल्या यंत्रांच्या ग्रंथात कॅम बसवलेला दांडा आहे, आणि तो वापरलाय पाणी उचलायच्या यंत्रांत नि पाण्याच्या घड्याळांत. म्हणजे कॅमचं पहिलं नातं पाण्याशी, शेतकऱ्याच्या कामाशीच.

आता आपला हिशोब करू. रत्नागिरीहून वाशी मार्केट साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. भरल्या गाडीला नऊ तास धरा, इंजिनाचे सरासरी २००० फेरे मिनिटाला धरा. कॅमचे १०००. नऊ तासांत ५ लाख ४० हजार फेरे. एका खेपेत प्रत्येक लोब टॅपेटवर तेवढ्या वेळा घासला. मध्ये असतो तो फक्त तेलाचा पातळ थर. लोब झिजतो तो असा.

पहिलं घराणं : विलीसची जीप

कोकणात माल आधी समुद्राने जायचा. मचवे, पडाव, पुढे आगबोटी. रस्ते अरुंद, खाड्यांवर पूल कमी, घाट अवघड. चाकावरची वाहतूक खऱ्या अर्थाने रुळली ती जीपबरोबर. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेली विलीस जीप युद्धानंतर आपल्याकडेही राहिली, आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रने मुंबईत माझगावला सुटे भाग आणून जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे काम कांदिवलीला गेलं. मागे ट्रॉली लावून, टपावर बोजे टाकून, आत वडाप भरून या जीपने गावं जोडली.

युद्धातल्या जीपचं पेट्रोल इंजिन १३४ घनइंचांचं, म्हणजे २.२ लिटरचं. त्याचे सगळे वाल्व ब्लॉकमध्ये बाजूला. नंतरच्या सीजे-३बी जीपमध्ये त्याच आकाराचं पण सुधारलेलं इंजिन आलं : इनटेक वाल्व वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच. बॉनेट उंच झालं ते याच इंजिनाला जागा द्यायला.

कॅम निवडायचा धडा या पहिल्या घराण्यातच आहे. युद्धकाळातल्या इंजिनात क्रँक आणि कॅम चेनने जोडलेले होते. युद्धानंतरच्या जीपमध्ये थोड्याच काळात चेन जाऊन गिअर आले. बदल बारीक वाटतो. पण चेनने जोडलेली दोन चाकं एकाच दिशेने फिरतात आणि एकमेकांत अडकलेले दोन गिअर उलट दिशेने. म्हणजे नव्या इंजिनात कॅम उलटा फिरायला लागला! लोबांची मांडणी बदलली, ऑइल पंपही वेगळा झाला. इंजिनाचं नाव तेच, आकार तोच, दोन्ही कॅम शेजारी ठेवले तर घाईत ओळखू येणार नाहीत. पण एकाचा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून "याच गाडीचा आहे" एवढ्यावर कॅम घ्यायचा नाही.

दुसरं घराणं : ट्रॅक्टरचं

आपल्या पिकपांसाठी सगळ्यात महत्त्वाचं घराणं हे.

१९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. ट्रॅक्टर होता बी-२७५. मूळचा इंग्लंडमधल्या डोंकास्टरच्या कारखान्याचा. घाटावरच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव आजही पाठ आहे. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली.

बी-२७५ चं डिझेल इंजिन १४४ घनइंचांचं, चार सिलिंडर, बोअर ३⅜ इंच, स्ट्रोक ४ इंच. पेट्रोल महाग झालं, जीपला डिझेल इंजिन हवं झालं, तेव्हा १९७० च्या दशकात हेच घरचं इंजिन जीपमध्ये आलं. पुढे बोअर साडेतीन इंचाचा झाला, स्ट्रोक ४ इंचच राहिला. आता गणित करा : ८८.९ मिलिमीटर बोअर, १०१.६ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर. उत्तर येतं २५२३ सीसी. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? डीआय कमांडर, डीआय मार्शल, आणि २००० साली बोलेरो आल्यानंतरच्या बोलेरो पिकप यांच्या कागदांवर हाच आकडा असतो.

म्हणजे गंमत बघा. आपल्या उताराच्या दळ्यांवर मोठा ट्रॅक्टर फारसा आलाच नाही, इथे पॉवर टिलर नि बैल. पण ट्रॅक्टरच्या वंशातलं इंजिन मात्र आंब्याची पेटी घेऊन वाडीवाडीतून फिरतंय. स्ट्रोक लांब, खालच्या फेऱ्यांत ओढ चांगली, म्हणून ते भरल्या गाडीने घाट चढतं. ब्लॉकमध्ये कॅम, पुशरॉड आणि टायमिंगला गिअर, असं साधं सरळ काम.

स्वस्ताईचं खरं कारणही इथेच. एखादं इंजिन पन्नास वर्षं एकाच हाडाचं राहिलं की त्याचे भाग बनवणारे गावोगाव तयार होतात. आपला मेस्त्री आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो तो उगाच नाही. शिवाजी उद्यमनगर नि शिरोलीच्या ओतशाळा-मशीनशॉप ऑइल इंजिनांच्या काळापासून हे काम करत आल्या आहेत. इंजिनाचं कूळ ठाऊक असेल तर भाग जवळ मिळतो, दोन-तीन दुकानांत भाव विचारता येतो. कूळ ठाऊक नसेल तर दुकानदार देईल तो भाव.

एक सावधगिरी मात्र. "ट्रॅक्टरचा कॅम बसतो हो, स्वस्त पडेल" असं कोणी म्हटलं तर लगेच मान डोलवू नका. त्या ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर काम करायला केलेलं, पिकपचं तीन हजारांच्या पुढे जातं. वाल्व किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्यावर ठरतं. भाऊबंद असले तरी सातबारा वेगळा. पार्ट नंबर जुळला तरच घ्या.

तिसरं घराणं : प्यूजो

१९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीच्या कारखान्यात ते बनू लागलं. नावातच माहिती आहे : ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. ८३ मिलिमीटर स्ट्रोक धरला की २११२ सीसी. एमएम-५४० जीप या इंजिनावर गाजली. ट्रॅक्टरवाल्यापेक्षा हे मऊ चालणारं, फेरे चढवणारं. कॅम इथेही ब्लॉकमध्येच, पण ट्रॅक्टर घराण्याशी त्याचं काही नातं नाही.

घोळ होतो तो इथे. एकाच नावाची, एकाच अंगाची गाडी दोन्ही इंजिनांत विकली गेली. मागे "डीआय" लिहिलेली ट्रॅक्टर कुळातली, "डीपी" लिहिलेली प्यूजो कुळातली. अक्षरं एकदा बघा, पण त्यावरही विसंबू नका. वीस-पंचवीस वर्षांत गाडी दोन-तीन हातांतून जाते, एमएच-०९ किंवा एमएच-१० ची गाडी एमएच-०८ मध्ये येते, आणि मधल्या कोणीतरी इंजिनच बदललेलं असतं. ब्लॉकवर ठोकलेला नंबर पुसून वाचा, आरसी बुकाशी ताडून बघा. जुळत नसेल तर ते काम आरटीओतही निस्तरावं लागेल, पण कॅम घेताना खरा नंबर ब्लॉकवरचाच.

चौथं घराणं : मर्सिडीज

पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आणि ट्रॅक्स आपल्याकडे कमी नव्हत्या. या गाड्यांतून आलेलं मर्सिडीजचं ओएम-६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन. याचा कॅम ब्लॉकमध्ये नाही, वर हेडवर आहे, आणि तो चेनने फिरतो. पुशरॉडच नाहीत. कॅम काढायला अर्धं इंजिन उतरवावं लागत नाही, पण चेन सुटून खाली गेली किंवा खुणा चुकल्या की वाल्व पिस्टनवर आदळू शकतात. १९८८ पासूनची टाटामोबाइल, नंतरची २०७, यांचंही आपलं वेगळं कूळ. तिथेही नियम तोच : आधी इंजिन ओळखा, मग दुकानात जा.

कॅम बनतो कसा, आणि त्यावरून काय घ्यावं

आपल्या राज्यातच याचा मोठा कारखाना आहे, सोलापुरात. चादरींच्या त्या गावात यतीन शहा यांनी १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली आणि जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांना तिथून कॅमशाफ्ट जाऊ लागले. असे कारखाने मुख्यतः गाड्या बनवणाऱ्यांना माल देतात, तो आपल्या गावच्या दुकानात त्या नावाने मिळेलच असं नाही. पण त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

बिडाचा कॅम ओतताना साच्यात लोबच्या जागी लोखंडी तुकडे बसवतात. वितळलेलं बीड त्यांना टेकलं की तिथे झटकन थंड होतं आणि लोबची कातडी कडक बनते. आतला दांडा त्यामानाने मऊ राहतो, त्यामुळे तो ठिसूळ होत नाही. याला चिल्ड कास्ट आयर्न म्हणतात. दुसरी पद्धत घडीव पोलादाची, त्यात लोब विजेवर तापवून कडक करतात. दोन्हीत मतलब एकच : कडकपणा वरच्या थरात आहे. अशा लोबचा कडकपणा रॉकवेल मापावर साधारण ४५ ते ५५ भरतो.

हे कळलं की बाजारातले पर्याय आपोआप लागतात :

१) कंपनीचा नवा कॅम. महाग, पण चिंता नाही. गाडी रोज घाटात आणि हंगामात वाशी करणारी असेल तर हाच.

२) नावाजलेल्या भाग-निर्मात्याचा नवा कॅम. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव, पार्ट नंबर, बिल असेल तर मध्यम खिशाला हा उत्तम.

३) भंगारातला जुना कॅम. कुर्ल्यापासून कोल्हापूरपर्यंत मिळतो. त्याच कुळाच्या इंजिनातला, लोब नि जर्नल मापात असलेला आणि गंज-खड्डे नसलेला असेल तर नव्या टॅपेटांबरोबर चालतो. बजेट अगदीच कमी असेल तेव्हाचा हा प्रामाणिक पर्याय.

४) ग्राइंड करून घेतलेला कॅम. हलकं ग्राइंडिंग चालतं. पण जास्त घासला की कडक कातडी निघून जाते आणि खालचा मऊ भाग टॅपेटसमोर येतो. वेल्डिंग भरून पुन्हा आकार दिलेल्या लोबचा तर कडकपणा कुठे किती, हे सांगणं कठीण.

५) बिननावाचा, बिनबिलाचा नवा कॅम. दिसायला सगळ्यात चकचकीत हाच असतो. एखाद्या मशीनशॉपमध्ये कडकपणा तपासून मिळत असेल तर तपासा. नसेल तर लोबच्या बाजूला, टॅपेट फिरत नाही त्या जागी, कानस हलकेच लावून बघा. कानस घसरली तर बरं, चावली तर परत द्या. कॅम वाचला असं वाटतं, पण इंजिन उघडण्या-बसवण्याची मजुरी, गॅस्केट, तेल हा खर्च दुसऱ्यांदा होतो, आणि तोही बहुधा एप्रिलात, जेव्हा बागेत फळ थांबत नाही.

पैसे कुठे वाचवू नयेत

टॅपेट. जुन्या कुळांतले हे टॅपेट सपाट बुडाचे दिसतात, पण बूड किंचित फुगीर असतं आणि लोबला बारीकसा उतार असतो. त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज एका जागी पडत नाही. जुना टॅपेट झिजून खोलगट झालेला असतो, फिरायचा थांबतो. नव्या कॅमवर जुने टॅपेट टाकले की नवा लोब थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात. नवा कॅम म्हणजे नवे टॅपेट, यात तडजोड नाही. आणि जुनाच कॅम-टॅपेट परत वापरायचे तर जो टॅपेट ज्या लोबवर होता तिथेच गेला पाहिजे. काढतानाच नंबर टाकून ठेवा.

कॅम बुश. ढिले असतील तर तेलाचा दाब तिथेच गळतो.

झिजण्याचं कारण. तेलाची वाट तुंबली होती का, तेल वेळेवर बदललं होतं का, वाल्वचा गॅप चुकीचा होता का, हे न बघता नवा कॅम टाकणं म्हणजे मुळकूज तशीच ठेवून नवं रोप लावणं.

कॅम खरंच गेलाय का?

घाटात ओढ कमी, काळा धूर, इनटेकमधून फट्-फट्, टॅपेट सेट करूनही आठवड्यात परत आवाज : ही लक्षणं कॅमची असू शकतात, पण डिझेल पंप, नोझल, वाल्व यांचीही असू शकतात. म्हणून मेस्त्रीकडून मोजून घ्या. पुशरॉडवर डायल गेज लावून प्रत्येक वाल्वची उचल बघायची. सगळ्या इनटेकची आपसात सारखी, सगळ्या एक्झॉस्टची आपसात सारखी यायला हवी. एखादी कमी भरली तर लोब गेला. कॅम बाहेर असेल तर लोबची उंची वजा गोल भागाचा व्यास, म्हणजे उचल. दहा मिनिटांचं काम, आणि हजारोंचा खर्च वाचू शकतो.

दुकानात जाताना जुना कॅम पोत्यात गुंडाळून सोबतच न्या. शेजारी ठेवून लांबी, जर्नलचे व्यास, चावीची खाच, लोबांचा क्रम आणि ऑइल पंपाचा गिअर असेल तर त्याच्या दातांचा कल जुळवा. विलीसच्या चेन-गिअरची गोष्ट आठवा.

तेल आणि पहिली वीस मिनिटं

सपाट टॅपेटला तेलातल्या जस्त-फॉस्फरसच्या घटकाचा आधार लागतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. फॉस्फरसने ते खराब होतात, म्हणून पुढच्या दशकांत पेट्रोलच्या तेलांतलं त्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवलं गेलं. नव्या गाड्यांच्या रोलर टॅपेटांना ते चालतं, जुन्या कुळांना नाही. म्हणून नव्या कारचं पातळ पेट्रोल तेल "भारीतलं आहे" म्हणून जुन्या पिकपमध्ये ओतू नका. डब्यावर सीएच-४ किंवा सीआय-४ लिहिलेलं १५डब्ल्यू-४० डिझेल तेल अशा इंजिनांना साधारणपणे योग्य. गाडीचं पुस्तक असेल तर त्यातलं बघा.

बसवताना प्रत्येक लोबला आणि टॅपेटच्या बुडाला असेंब्ली पेस्ट लावा. डिझेलची हवा आधीच काढून ठेवा, म्हणजे इंजिन पटकन उठेल, उगाच स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. उठलं की आयडलवर सोडायचं नाही. दीड ते दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवा, तेलाच्या दाबावर आणि पाण्याच्या तापमानावर नजर ठेवून. आयडलला लोबवर तेल कमी उडतं, आणि नवा कॅम मरतो तो बहुधा पहिल्याच अर्ध्या तासात. मग तेल-फिल्टर लवकर बदला, गॅप पुन्हा तपासा.

फवारणीच्या वहीत एक पान गाडीला द्या : ब्लॉकवरचा इंजिन नंबर, कूळ, सीसी, कॅमचा पार्ट नंबर, आठही वाल्वची मोजलेली उचल, तारीख, किलोमीटर. पुढच्या पावसाळ्यात हीच मापं परत घेतली की लोब कुठे निघालाय ते हंगामाआधी कळेल. तुमच्या गाडीचं कूळ कुठलं निघालं ते खाली लिहा, सोबत सीसी लिहायला विसरू नका.